शालूताईचे केस वाढेपर्यंत

माका म्हणून मी पिशवीभर गाजरगवत घरी आणलं, तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो. आईने निघताना एवढंच सांगितलं होतं की नदीकडे ओलीला बघ, बारीक पांढरी फुलं असतात, मुळासकट उपटून आण. आता पांढऱ्या फुलांचं गवत त्या वर्षांत नाशिकमध्ये जिकडे बघावं तिकडे होतं, त्यासाठी नदीपर्यंत जायचीही गरज नव्हती. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, म्युनिसिपालिटीच्या मोकळ्या प्लॉटवरच काम उरकलं आणि पंधरा मिनिटांत परत आलो म्हणून स्वतःवर खूश होतो. आईने पिशवीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, माका चुरगळला की बोटं काळी होतात. तुझी झाली का काळी?” मी बोटं बघितली. काळी झाली नव्हती, पण लाल होऊन सुजायला लागली होती. रात्रीपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं. शालूताई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, “बरं झालं, त्याच्या हातावर उगवलं. माझ्या डोक्यावर उगवलं असतं तर काँग्रेस गवताचा अंबाडा घालून बोहल्यावर चढावं लागलं असतं.” त्यावर आई हसली. ताई तापातून उठल्यापासून घरात पहिल्यांदाच कोणी असं हसलं असेल. म्हणून मी ती पिशवी कधीच वाया गेली असं मानत नाही.

माका ताईच्या केसांसाठी हवा होता. खरं म्हणजे ताईला केस नव्हते म्हणून हवा होता. त्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना डोक्यावरचं सगळं घेऊन गेला. आधी उशीवर, मग फणीत, मग नुसता हात फिरवला तरी मुठीत. तिची वेणी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. नळावर पाणी भरायला वाकली की ती वेणी हंड्यात जाऊ नये म्हणून तिला ती तोंडात धरावी लागायची. तिचे आता नुसते विरळ झुपके राहिले होते. ते काढून टाका म्हणजे नवे दाट येतील, असं डॉक्टरांपासून शेजारच्या जुबेदाखालापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. पण न्हाव्याला घरी बोलवायला आई तयार होईना. लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्याला वस्तरा, हे शब्दसुद्धा तिला उच्चारवत नव्हते. शेवटी दादांनी ते केलं. दादा म्हणजे आमचे वडील, एका छापखान्यात बाइंडर होते. त्यांच्या कपड्यांना कायम खळीचा आंबूस वास यायचा आणि त्यांची कात्री घरात कोणी हातात घ्यायची नाही असा नियम होता. त्यांनी ताईला दाराशी उजेडात बसवलं, खांद्यावर जुनं धोतर टाकलं आणि पुस्तकाच्या कडा कापाव्यात तसे सावकाश, एका रेषेत, तिचे केस कापले. मग कात्री पुसून वरच्या फळीवर ठेवली आणि छापखान्यात निघून गेले. त्या दिवशी रविवार होता. कापलेले केस आईने त्याच दिवशी गोदावरीत सोडून दिले. आजारपणाचे केस घरात ठेवायचे नसतात म्हणाली.

लग्न ठरलं होतं ते पिंपळगाव बसवंतला. मुलाचं नाव मधुकर. कांद्याच्या आडत्याकडे हिशेब लिहायला होता, घरची थोडी द्राक्षबागही होती. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. साखरपुडा झाला तेव्हा ताईची वेणी कमरेखाली होती आणि आत्याबाईंनी सगळ्यांच्या देखत ती हातात तोलून बघितली होती. “लय जड हे गं,” असं म्हणून त्या इतक्या खूश झाल्या की मानपानाचं बोलणं तिथेच मिटलं. आमच्याकडे द्यायला दुसरं फारसं काही नव्हतं, त्यामुळे ती वेणी आपल्या बाजूने बोलली याचा दादांना मनातून आनंद झाला होता. आता ताप आल्यामुळे लग्न वैशाखावर ढकललं होतं. तापाचं त्यांना कळवलं होतं. केसांचं कळवलं नव्हतं. “तोवर येतील की,” आई म्हणायची. “कशाला आधीच बोभाटा?” सगळं त्या ‘तोवर’वर अवलंबून होतं. वैशाखापर्यंत निदान वेणी घालता येईल एवढे केस यायला हवे होते.

केस यायला लागले, पण कसे! पहिले तपकिरी, मऊ, वासराच्या अंगावर असतात तसे. मग काळे, पण राठ. आमच्या गल्लीत वापरायला विहिरीचं पाणी होतं, इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. त्याने डोकं धुतलं की ताईचे केस काथ्यासारखे उभे राहायचे. नळाचं पाणी पहाटे यायचं, पिण्यापुरतंच मिळायचं. दादांनी कुठूनसं ऐकलं की छापखान्यातल्या नळाचं पाणी हलकं आहे, आणि मग दर रविवारी सायकलच्या दोन्ही हँडलांना डबे अडकवून ते पाणी आणायला लागले. रस्त्यात हिंदकळून अर्धं त्यांच्या पायजम्यावर सांडायचं. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रॉकेलच्या स्टोव्हवर उकळत ठेवली की दोन्ही खोल्यांत असा ठसका भरायचा की सगळे रडत बाहेर. बाहेरचे लोक विचारायचे, काय झालं? आई म्हणायची, “काही नाही, शालूचं न्हाणं आहे.”

तेलाचा प्रश्न याहून अवघड होता. खोबरेल तेल आम्ही सुटं आणायचो, वाण्याकडे बाटली घेऊन. ते आधी देवाच्या निरांजनालाही वापरत नसू, एवढं जपून. आता ते रोज ताईच्या डोक्यात मुरवायचं म्हणजे बाकीच्या तीन डोक्यांनी कोरडं राहायचं, हे उघड होतं. तेही पुरेना, तेव्हा आईने त्यात स्वयंपाकाचं शेंगदाणा तेल मिसळायला सुरुवात केली. ताई जवळून गेली की भज्यांचा वास यायचा आणि मला भूक लागायची. थंडी पडली तसं बाटलीतलं तेल थिजायला लागलं. नाशिकची थंडी आता राहिली नाही. मी राहतो त्या इंदिरानगरात डिसेंबरातसुद्धा पंखा लावतात. पण तेव्हा त्या भागात शेतं होती आणि सकाळी हातपाय फुटायचे. ती बाटली आई उन्हाच्या कवडशात ठेवायची आणि कवडसा सरकला की ताई बाटली सरकवायची. दुपारभर ती आणि बाटली अशा भिंतीच्या कडेने सरकत असायच्या.

तिचं मोजायचं मापही तिने स्वतःच ठरवलं होतं. पुढची एक बट ओढून चेहऱ्यावर आणायची आणि ती कुठवर पोचते ते जाहीर करायचं. “आज भुवई ओलांडली.” मग कितीतरी दिवस मुक्काम नाकाच्या शेंड्यावर. “आई, नाकाला फार लांब रस्ता आहे गं, चपटं असतं तर बरं झालं असतं.” ओठांपर्यंत पोचली तेव्हा तिने मला रेवड्या आणायला पाठवलं. पण केस सोडून दिले की ती बट स्प्रिंगसारखी परत वर जायची. ताईचे केस वाढत नव्हते, पसरत होते. ना क्लिप बसे, ना रिबीन. ती डोक्याला दादांचा जुना रुमाल बांधून वावरायची. जुबेदाखालाने मायेने मेंदी कालवून आणली, म्हणाली, “मजबूत हो जाते बाल, शालू, देख तू.” मजबूत झाले असतील, पण त्याने ते आणखी कोरडे पडले आणि उन्हात विटेसारखे दिसायला लागले. खाला स्वतःच घाबरली. त्यावर उपाय म्हणून ताक, ताकावर कोरफड, कोरफडीवर जास्वंद. ताई म्हणायची, “माझ्या डोक्यात आता नुसतं कोशिंबिरीचं मीठ घालायचं राहिलंय.”

या सगळ्यात माझ्या डोक्यावर मात्र जंगल माजलं होतं. त्या काळात आम्हा पोरांत कान झाकून मानेवर रुळणारे केस ठेवायची टूम होती आणि मी तर चेहऱ्याची उणीव केसांनी भरून काढायच्या बेतात होतो. दादा जेवताना माझ्याकडे बघून म्हणायचे, “देवाला पत्ता चुकलेला दिसतोय. ज्याला नकोत त्याला दिलेत.” एकदा ताईने सहज हात पुढे करून माझे केस चाचपले आणि म्हणाली, “किती मऊ आहेत रे.” मी दुसऱ्या दिवशी कटिंग सलूनमध्ये जाऊन बारीक करून आलो. ती बघून पोट धरून हसली, “आता आपण दोघं मिळून एक माणूस!” आज माझ्या डोक्यावर काय उरलंय ते सांगण्यासारखं नाही. पण त्या कटिंगची हळहळ मला कधी वाटली नाही.

मधुकर या काळात एकदाच आला होता. ताईचे केस तेव्हा नुकतेच कापले होते. आगाऊ निरोप नाही, काही नाही, दुपारी दारात उभा. खांद्यावर अर्धं पोतं. आईने घाईघाईने ताईला आतल्या खोलीत घालून पडदा ओढला. तो दादांच्या स्टुलावर टेकला आणि पोतं खाली ठेवून म्हणाला, “आजारी माणसाला फळं आणायची असतात, मला माहीत आहे. पण आमच्याकडे आत्ता हेच चांगले आलेत.” पोत्यात कांदे होते. मी चहा द्यायला वळलो, तेवढ्यात पडद्याआडून ताईचा आवाज आला, तापाने बसलेला, “फार तिखट आहेत का?” मधुकर गोंधळून पडद्याकडे बघत म्हणाला, “नाही, नाही. हे रडवत नाहीत.” मग जरा थांबून, “म्हणजे, मी बघूनच आणलेत.” आत ताई हसली. तो चहा न संपवताच लाजून निघून गेला. ते कांदे आम्ही महिनाभर खाल्ले. रडवत होते. पण ताई चिरताना डोळे पुसत म्हणायची, “कुठे रडवतायत?”

संक्रांतीच्या आधी पिंपळगावहून निरोप आला, मध्यस्थ तात्या घेऊन आले. आत्याबाई येणार. सुनेला तिळगूळ, साडी आणि फुलांची वेणी घेऊन येणार, मधुकरही येणार. वैशाखाचा हिशेब असा मध्येच कोसळला. ताईची बट तेव्हा हनुवटीशी होती. “सांगून टाकू या,” दादा म्हणाले. “ताप त्यांना माहीत आहे. तापात केस जातात हे काय त्यांना माहीत नाही?” आई म्हणाली, “वेणी बघून केलंय त्यांनी. वेणीच नाही म्हटल्यावर आपल्याजवळ राहिलं काय दाखवायला?” दादांनी हातातला पेपर पुन्हा उघडला. मग आईने गंगावनाचं काढलं. गंगावन म्हणजे खऱ्या केसांत मिसळून गुंफायची खोट्या केसांची वेणी. बाजारात नायलॉनची मिळत होती, पण ती बुटाच्या पॉलिशसारखी चकाकायची. खऱ्या केसांची आमच्या आवाक्यातली नव्हती. “माझे आहेत की,” आई म्हणाली.

आईचे केसही तसेच लांब आणि जड होते, ताईला तिच्याकडूनच आले होते. तिने दादांना कात्री काढायला सांगितलं. दादा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मी सवाष्णीच्या केसांना कात्री लावणार नाही. एकदा मुलीच्या लावली तेवढी बास.” ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मग आईने जुबेदाखालाला हाक मारली. खाला कात्री हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी. “भाभी, सोच लो.” “कापा.” “फिर से सोच लो, भाभी.” “अहो, कापा म्हणते ना!” खालाने बिस्मिल्ला म्हणून कापले. आईचा अंबाडा त्यानंतर लिंबाएवढा झाला. ते केस घेऊन ती घाटाच्या बाजूला गंगावनं विणणाऱ्या बाईकडे गेली आणि येताना कागदात गुंडाळलेली वेणी घेऊन आली. मग ती आणि खाला उन्हात बसून त्यातले पांढरे केस वेचत राहिल्या. फार नव्हते. ताई दारातून ते बघत होती. ती या सगळ्यात एकदाच बोलली, “आई, मला नको वाटतंय.” आई मान वर न करता म्हणाली, “तुला काय वाटतंय ते वैशाखात सांग.”

संक्रांतीला सकाळपासून ताईच्या डोक्यात इतकं तेल घातलं की ते कानांमागून ओघळत होतं. तेवढं केल्यावर ते राठ केस कसेबसे दबले. मागे एक शेपटी जेमतेम बांधता आली, तिला काळ्या दोऱ्याने गंगावन गुंफलं. लांबून कोणी खोटी म्हणालं नसतं. पाहुणे आले, आत्याबाई, त्यांचे यजमान, मधुकर आणि तात्या. आईने गुळाची पोळी केली होती. साजूक तूप खालाच्या घरून आलं होतं. दोन खोल्यांत तुपाचा, तिळाचा आणि खोबरेलाचा वास भरून राहिला होता. मधुकर भिंतीशी बसला होता आणि पोळीचा तुकडा हातात धरून जेवढं बघणं शोभेल तेवढं ताईकडे बघत होता. आत्याबाई मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. “शालू, लय वाळली गं तू. आमच्याकडं आली की आठ दिवसांत सरळ करते बघ तुला.” त्यांनी ताईची ओटी भरली, साडी दिली आणि मग शेवंतीची वेणी माळायला तिला पाठमोरी बसवलं. आईने हातातलं ताट खाली ठेवलं, ते मला दिसलं.

आत्याबाई आकडा लावता लावता थांबल्या. मग मोठ्याने हसल्या. “अगं बया! हिचा केस पिकला की! माझ्याबी आधी म्हातारी झाली का गं सूनबाई?” खोलीत सगळेच हसले. मधुकरही हसला. आई पुढे होऊन म्हणाली, “हो, आमच्याकडे लवकरच पिकतात. माझेही असेच.” आत्याबाई म्हणाल्या, “थांब, काढूनच टाकते,” आणि त्यांनी तो केस बोटांत धरला. ताईने मागे न वळताच हात वर केला आणि त्यांचं मनगट धरलं. हळूच धरलं. “आत्याबाई,” ती म्हणाली, “तो माझा नाही. आईचा आहे.”

शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणारी पोरं ओरडत होती, ते मला आठवतं. आत्याबाईंनी वेणी चाचपली. जिथे दोरा होता तिथे त्यांची बोटं थांबली. त्यांनी शेवंतीचा आकडा मात्र नीट खोचला, मग उठून दादांच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता. “केसांचं काय हे ओ? आज नाय उद्या येत्यात. माझ्या बहिणीचे असेच तापात गेले व्हते. पण मला सांगायला तुम्हाला काय झालं व्हतं?” दादांनी हात जोडले. आई बोलायला गेली, “तसं नाही, आत्याबाई, आम्हाला वाटलं...” “तुम्हाला वाटलं आम्ही केसावर पोरगी नेतो,” आत्याबाई म्हणाल्या. “आता मला परत्येक गोष्टीत वाटत राहणार. ताप तरी विषमज्वरच व्हता का, हे मी कुणाला विचारू?” त्या चपला घालून बाहेर पडल्या. मधुकर सगळ्यांच्या मागे होता. सँडलचा पट्टा लावायला तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग बाहेरून आत्याबाईंनी हाक मारली आणि तो गेला.

चार-आठ दिवसांत तात्या आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “गुरुजींना पुन्हा पत्रिका दाखवली. गुण जुळत नाहीत म्हणतात.” “साखरपुड्याआधी जुळत होते,” दादा म्हणाले. “तेव्हा जुळत होते,” तात्यांनीही कबूल केलं. आईने घडी न मोडलेली साडी त्यांच्या पिशवीत घातली. त्यांनी गूळपाणी घेतलं आणि गेले.

आई आणि ताईचं भांडण झालं ते त्याच संध्याकाळी, एवढे दिवस दोघींनी ते दाबून धरलं होतं. “तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? त्यांनी तर हसण्यावारी नेलं होतं!” “आणि मग? रोज रात्री काढून उशाखाली ठेवलं असतं?” “अगं, वैशाखापर्यंत वाढले असते!” “केस वाढले असते, आई. तू म्हणालीस, आमच्याकडे लवकर पिकतात. एका केसासाठी एवढं. पुढे कशाकशासाठी काय काय म्हणावं लागलं असतं?” आई एकदम खाली बसली. “मी तुझ्यासाठी म्हणाले गं.” “माहीत आहे मला,” ताई म्हणाली. “तेच तर...” दादा अंधारात ओट्यावर बसून होते. आत येऊन त्यांनी दिवा लावला आणि म्हणाले, “चूक माझी आहे. मला सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही.” कोणी त्यांना नाही म्हणालं नाही.

केस वाढले. त्यांनी त्यांचं काम केलं. वैशाखात, ज्या दिवसांत लग्न व्हायचं होतं त्याच दिवसांत, ताईची बट खांद्याला टेकली, पण त्या वेळी तिने काही जाहीर केलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पावसाळ्यात वेणी झाली, बोटाएवढी, राठ, पण स्वतःची. आईचे मात्र पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. त्या वयात होत नाहीत म्हणतात. पुढे स्थळं आली. पण आईला आता भलताच धडा मिळाला होता. पाहुणे दारात आले, अजून टेकलेही नाहीत, तोच ती सुरू करायची, “हिला विषमज्वर झाला होता, सगळे केस गेले होते, एक ठरलेलं लग्न मोडलंय.” पाण्याचा तांब्या हातात असायचा आणि ती बोलत असायची. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. दादा म्हणायचे, “अगं, आधी पाणी तरी दे त्यांना.” “नको, नंतर कोणी म्हणायला नको की लपवलं.” अशी तीन-चार स्थळं पाणी पिऊन गेली. मी तेव्हा याच्या नकला करून ताईला हसवायचो. ती हसायची. मग एकदा म्हणाली, “बास कर आता.” आणि डी.एड.ला नाव घालून आली.

नोकरी तिला सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत लागली. नाशिकहून पिंपळगाववरून जाणारी एसटी, मग जीपमध्ये कोंबून घेऊन घाट, मग चालत. तिने उभी नोकरी त्या भागातच काढली. सुट्टीत यायची तेव्हा पिशवीत नागलीचं पीठ असायचं आणि बोलण्यात तिकडचे दोन-चार शब्द. डोंगरातल्या पाण्याने तिचे केस सुधारले होते. आली की पहिल्या दुपारी आई तेलाची वाटी घेऊन बसायची आणि ताई तिच्यापुढे पाठ करून. आई मुळांपासून टोकांपर्यंत तेल लावायची, पुन्हा लावायची, लावलेलं पुन्हा जिरवायची. दोघी एक अक्षर बोलत नसत. मी कधी खोलीत गेलोच तर आई वर न बघता म्हणायची, “जा रे, आम्ही बोलतोय.” आई गेली तेव्हा आम्हा भावंडांत तिच्या अंगावरून शेवटचा हात फिरवला तो ताईने. त्या लिंबाएवढ्या अंबाड्यावरून.

ताईने लग्न केलं नाही. आम्ही ते केसांच्या खात्यात टाकून मोकळे झालो. घरात कोणाचंही लग्न निघालं की मी ही गोष्ट सांगायचो, गाजरगवतापासून पांढऱ्या केसापर्यंत, आवाज काढून, आणि ताई समोर असली तर तीही आत्याबाईंचा आवाज काढायची, माझ्यापेक्षा चांगला. तिलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी तिचे केस सगळे पांढरे झाले होते आणि छान लांब होते. पाड्यावरच्या तिच्या जुन्या विद्यार्थिनी, तोवर त्याही आज्या झालेल्या, ती गेली त्या दिवशी आल्या आणि त्यांनी तिला वेणी घातली.

हे एवढं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा ताईची नोकरी सुरू होऊन काही वर्षं झाली होती, आणि सुट्टीतल्या दुपारी आई झोपल्यावर त्या दोघी नणंद-भावजय मागच्या दारी तासन्‌तास बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते मी कधी विचारलं नाही, आपल्याविषयीच असणार अशा खात्रीने. बायकोने सगळं ऐकून घेतलं. जिथे मी आवाज काढला तिथे हसलीही. मग म्हणाली,

“सगळं बरोबर लिहिलंयत. पण ताईंना तो मुलगा आवडला होता, हे कुठे आलं नाही.”

मी म्हटलं, “आवडला होता? तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. तोंड उघडलं तर लग्न मोडेल, हे कळत होतं त्यांना. तरी बोलल्या. नंतर कितीतरी वर्षं पिंपळगाव आलं की एसटीच्या खिडकीकडून मान फिरवून घ्यायच्या.”

“आम्हाला कधी बोलली नाही ती.”

“मी विचारलं, म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “तुमच्या घरात सगळे त्यांना केसांचंच विचारत होते.”